पायऱ्यांवर गर्दी, दालनांत सामसूम

मुंबईच्या फोर्ट भागातील एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या माहीत नाहीत असा मुंबईकर विरळाच. हॉर्निमन सर्कलसमोर उभ्या असलेल्या त्या तीस पायऱ्या आणि त्यामागील डोरिक शैलीचे भव्य स्तंभ चित्रपटांत, जाहिरातींत आणि लग्नापूर्वीच्या छायाचित्रांत इतक्यांदा झळकले आहेत, की ही इमारत म्हणजे एखाद्या न्यायालयाचा देखावाच आहे, असा अनेकांचा समज झाला तर नवल नाही. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्यावर या पायऱ्यांवर तरुणांची बैठक जमते. जानेवारीच्या थंडीत इंडियन हेरिटेज सोसायटीचा 'मुंबई संस्कृती' हा संगीत महोत्सव अनेक वर्षे याच पायऱ्यांच्या पार्श्वभूमीवर रंगत आला आहे. मात्र त्या पायऱ्या चढून वर गेलेल्याला आत वेगळेच जग भेटते. उंच छत, लाकडी कपाटे, वर्तमानपत्र चाळणारे मोजके ज्येष्ठ वाचक आणि एखाद-दुसरा संशोधक. बाहेरच्या गर्दीचा आणि आतल्या ग्रंथसंग्रहाचा एकमेकांशी जणू संबंधच नाही.

हा विरोधाभास एकट्या एशियाटिकचा नाही. गेल्या दोन-अडीच दशकांत जगभरातील मोठ्या ग्रंथालयांना 'सार्वजनिक कार्यक्रम' या शब्दाचा नव्याने विचार करावा लागला आहे. माहिती शोधण्यासाठी ग्रंथालयात येण्याची गरज इंटरनेटने कमी केली. मग लोकांनी तेथे का यावे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून प्रदर्शने, व्याख्याने, मैफली, वाचन-कट्टे यांचा पसारा वाढला. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतर महाराष्ट्रातही ग्रंथालयांनी काही तरी 'करून दाखवावे' ही अपेक्षा वाढली आहे. परंतु काय करावे आणि कशासाठी करावे, याची चर्चा पुरेशी झालेली नाही. या संदर्भात ग्रंथालयात होणारे कार्यक्रम आणि ग्रंथालयातून उगवणारे कार्यक्रम यांत फरक करणे आवश्यक ठरते. पहिल्या प्रकारात ग्रंथालय हे सभागृह असते. दुसऱ्या प्रकारात त्याचा संग्रह बोलू लागतो.

टाऊन हॉलचा वारसा

एशियाटिकच्या बाबतीत हा फरक इतिहासातच रुजलेला आहे. मुंबईचे तत्कालीन रेकॉर्डर सर जेम्स मॅकिंटॉश यांच्या पुढाकाराने २६ नोव्हेंबर १८०४ रोजी 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे'ची स्थापना झाली. पुढे १८३० च्या सुमारास ती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा बनली. कर्नल थॉमस कूपर यांच्या आराखड्यानुसार १८३३ मध्ये पूर्ण झालेला टाऊन हॉल हे तिचे घर झाले. या वास्तूसाठी लॉटरीद्वारे पैसा उभारण्याचा प्रयत्न झाला आणि तो अपुरा पडल्यावर सरकारला भर घालावी लागली. म्हणजे सांस्कृतिक वास्तूला पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न या इमारतीच्या पायाइतकाच जुना आहे.

टाऊन हॉल हे नावच सांगते, की ही वास्तू शहराच्या सभेसाठी होती. अर्थात 'शहर' या शब्दाची व्याप्ती तेव्हा फार मर्यादित होती. माणेकजी कर्सेटजी यांच्या रूपाने १८४० मध्ये पहिल्या भारतीयाला सोसायटीचे सदस्यत्व मिळाले, तोवर संस्थेच्या स्थापनेला साडेतीन दशके उलटली होती. पुढे न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९२ मध्ये संस्थेचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. या मधल्या काळात जे घडले, ते आजच्या चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ताम्रपट व शिलालेखांवरील लेख संस्थेच्या नियतकालिकात आले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अजिंठ्याच्या शिलालेखांवरील आपले संशोधन याच संस्थेपुढे मांडले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १९०० साली भारताच्या प्राचीन इतिहासावरील आपला प्रसिद्ध निबंध येथेच वाचला. पुढे भारतरत्न ठरलेले महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासामागेही या ग्रंथालयाचे बळ होते.

ही व्याख्याने म्हणजेच त्या काळचे सार्वजनिक सांस्कृतिक कार्यक्रम होते. त्यांना येणारा श्रोता मूठभर असेल. पण विषय संग्रहातून आलेला असे, वक्ता संग्रहावर काम करीत असे आणि चर्चेचे फलित पुन्हा छापील रूपाने संग्रहात जमा होई. हे चक्र पूर्ण होत असल्यामुळे कार्यक्रम आणि ग्रंथालय यांत दुरावा नव्हता. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या १८९८ मध्ये स्थापन झालेल्या संस्था यांनी पुढे हीच परंपरा मराठी मध्यमवर्गात रुजवली. महाराष्ट्रात ग्रंथालय आणि व्याख्यान हे नाते नवे नाही. नवे आहे ते या नात्यात आलेले बाजाराचे आणि 'इव्हेंट'चे परिमाण.

कपाटात काय आहे?

एशियाटिकच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ग्रंथ आहेत आणि त्यांपैकी सुमारे पंधरा हजार दुर्मीळ मानले जातात. त्याखेरीज संस्कृत, प्राकृत, फारसी हस्तलिखिते, जुने नकाशे आणि सुमारे बारा हजार नाणी आहेत. दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'ची चौदाव्या शतकातील हस्तलिखित प्रत हे या संग्रहाचे सर्वांत गाजलेले रत्न. ती परत मिळावी म्हणून मुसोलिनीने मोठी रक्कम देऊ केली आणि सोसायटीने ती नाकारली, ही आख्यायिका मुंबईत आवडीने सांगितली जाते. तिच्याइतकीच महत्त्वाची, पण फारशी चर्चेत नसलेली वस्तू म्हणजे महाभारताच्या आरण्यकपर्वाची १५१६ सालची सचित्र पोथी. काळ निश्चित ठाऊक असलेल्या सचित्र महाभारत पोथ्यांमध्ये ती सर्वांत जुन्यांपैकी मानली जाते आणि भारतीय चित्रकलेच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे.

आणि मग सोपाऱ्याचे अवशेष. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ च्या एप्रिलमध्ये नालासोपारा येथील 'बुरूड राजाचे कोट' या टेकाडाचे उत्खनन केले. तो बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या गाभ्यात दगडी पेटी होती. पेटीत आठ कांस्यमूर्ती आणि एकात एक बसविलेल्या तांबे, चांदी, दगड, स्फटिक व सोने यांच्या करंड्या होत्या. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंड्यात सोन्याची फुले आणि मातीच्या भांड्याचे इवलेसे तुकडे होते. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून ते श्रद्धेने जपले गेले असावेत, असा निष्कर्ष भगवानलालांनी काढला. हे सारे एशियाटिक सोसायटीच्या ताब्यात आले.

या ठिकाणी अलीकडच्या एका घटनेची आठवण होणे अपरिहार्य आहे. पिप्रहवा येथील स्तूपात १८९८ मध्ये सापडलेल्या रत्नांचा हाँगकाँगमध्ये होऊ घातलेला लिलाव २०२५ च्या मे महिन्यात भारत सरकारच्या आक्षेपानंतर पुढे ढकलण्यात आला आणि जुलैमध्ये ती रत्ने भारतात परतली. देशभर त्याचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. परंतु परदेशातून परत आणलेल्या वारशाला जे लक्ष मिळते, त्याचा अल्पांशही कधीच देशाबाहेर न गेलेल्या वारशाला मिळत नाही. सोपाऱ्याच्या करंड्या गेली सुमारे १४० वर्षे मुंबईतच आहेत. त्यांचे स्वागत करण्याची संधी शहराने अद्याप पुरती घेतलेली नाही.

दाखवणे सोपे नाही

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे सर्व काही काचेच्या पेटीत ठेवून लोकांना दाखवणे. तथापि, ग्रंथालयातील वस्तू आणि वस्तुसंग्रहालयातील वस्तू यांत मूलभूत फरक असतो. दगडी मूर्ती शतकभर प्रकाशात राहिली तरी तिचे फारसे बिघडत नाही. कागद, शाई आणि वनस्पतिजन्य रंग यांचे तसे नाही. प्रकाशामुळे होणारी हानी साठत जाते आणि ती भरून येत नाही. म्हणूनच हस्तलिखितांसाठी सुमारे ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश नसावा, असा जगभरचा दंडक आहे. एकच पान काही महिन्यांपेक्षा जास्त काळ उघडे न ठेवणे आणि त्यानंतर त्याला दीर्घ विश्रांती देणे, ही पद्धतही त्यामुळेच रूढ झाली आहे. त्यात मुंबईची हवा. पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, तर कागदाला ५० टक्क्यांच्या आसपासची स्थिर आर्द्रता मानवते. बुरशी, वाळवी आणि कसर यांचे येथे बारमाही वास्तव्य.

साहजिकच एका लहान प्रदर्शनामागेही बराच खटाटोप असतो. तापमान व आर्द्रता नियंत्रित करणाऱ्या पेट्या, पोथीला ताण न देणारे आधार, विमा, सुरक्षारक्षक, संवर्धनतज्ज्ञ, आणि त्या पोथीविषयी चार ओळी अचूक लिहू शकणारा अभ्यासक या सर्वांची सोय करावी लागते. यांपैकी शेवटची गोष्ट बहुधा सर्वांत दुर्मीळ असते. जुन्या लिप्या वाचणारे, हस्तलिखितांची सूची करणारे आणि त्यांची गोष्ट सामान्य वाचकाला सांगू शकणारे मनुष्यबळ महाराष्ट्रात कमी होत चालले आहे. मोडी वाचणाऱ्यांची वानवा हे त्याचे परिचित उदाहरण.

एशियाटिकने या दिशेने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. संस्थेची स्वतःची संवर्धन प्रयोगशाळा आहे. एखाद्या जुन्या ग्रंथाच्या दुरुस्तीचा खर्च वाचकाने उचलावा, अशी ग्रंथ दत्तक योजना ती चालविते. 'ग्रंथसंजीवनी' या प्रकल्पाखाली दुर्मीळ ग्रंथ, हस्तलिखिते, नकाशे यांचे संगणकीकरण करण्यात आले. व्याख्याने व परिसंवाद नियमित होतात आणि निवडक दुर्मीळ सामग्री प्रसंगोपात्त मांडलीही जाते. पण हे प्रयत्न मुख्यतः अभ्यासक आणि सदस्य यांच्या वर्तुळात राहतात. पायऱ्यांवर बसलेल्या तरुणापर्यंत ते पोहोचत नाहीत.

इतरांनी काय केले?

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीने हा पेच दोन स्तरांवर सोडविला. सेंट पँक्रास येथील तिची वास्तू १९९८ मध्ये औपचारिकरीत्या खुली झाली, तेव्हापासून तेथे संग्रहातील रत्नांचे कायमस्वरूपी दालन विनामूल्य आहे. त्यात मॅग्ना कार्टापासून बीटल्सच्या हस्ताक्षरातील गीतांपर्यंतच्या वस्तू असतात आणि त्यांतील अनेक आलटून-पालटून बदलल्या जातात. त्याला जोडून तिकीट लावलेली मोठी विषयाधारित प्रदर्शने भरतात. २०१५ मधील मॅग्ना कार्टाचे किंवा २०१७ मधील हॅरी पॉटरचे प्रदर्शन ही त्याची उदाहरणे. विनामूल्य दालन नागरिकांसाठी आणि तिकिटाची प्रदर्शने उत्पन्नासाठी, अशी ही विभागणी आहे.

याच ग्रंथालयाच्या एका प्रदर्शनाशी मुंबईचाही धागा जुळलेला आहे. मेवाडच्या राणा जगत्सिंहाने १६४९ ते १६५३ या काळात चारशेहून अधिक चित्रांचे रामायण तयार करवून घेतले. त्याचे काही खंड कर्नल जेम्स टॉड यांच्यामार्फत इंग्लंडला गेले. उरलेली पाने भारतातील निरनिराळ्या संग्रहांत विखुरली. ब्रिटिश लायब्ररीने २००८ मध्ये आपल्याकडील चित्रांचे मोठे प्रदर्शन भरविले. त्यानंतर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या सहकार्याने ही विखुरलेली पाने संगणकाच्या पडद्यावर एकत्र आणण्यात आली आणि २०१४ मध्ये हा प्रकल्प मुंबईतच लोकांसमोर आला. मूळ पान हलविल्याविना, मालकीचा वाद न घालता, दोन देशांतील वाचकांना एकच पोथी सलग पाहता येऊ लागली. प्रदर्शन हे संशोधनाला आणि संशोधन हे जनतेला कसे जोडता येते, याचा हा चांगला नमुना होय.

न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०२१ मध्ये आपल्या मुख्य इमारतीत संग्रहातील निवडक ठेव्याचे कायमस्वरूपी दालन सुरू केले. तेही विनामूल्य आहे. शाळकरी मुले तेथे 'विनी द पू'ची मूळ खेळणी पाहायला येतात आणि त्याच खोलीत अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा इतिहासही त्यांच्या नजरेला पडतो.

उदाहरणासाठी इतके दूर जाण्याचीही गरज नाही. तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय मराठी माणसाला परके नाही. सरफोजीराजे भोसले (दुसरे) यांनी काशीयात्रेतून आणि युरोपातून जमविलेल्या ग्रंथांनी ते समृद्ध झाले. तेथे तमिळ, संस्कृत, तेलुगू ग्रंथांबरोबर मराठी हस्तलिखिते व मोडी कागदपत्रे आहेत. ग्रंथालयाला जोडूनच एक छोटे संग्रहालय आहे. बृहदीश्वर मंदिर पाहायला आलेला प्रवासी राजवाड्यात शिरतो, संग्रहालयात चित्रे, नकाशे, ताडपत्रे पाहतो आणि ग्रंथालय म्हणजे काय याची कल्पना घेऊन जातो. मांडणी साधी आहे, पण दार उघडे आहे. रामपूरच्या रझा ग्रंथालयातही दरबार हॉलमध्ये हस्तलिखिते व लघुचित्रे मांडण्याची प्रथा आहे. या दोन्ही संस्थांना राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांचा दर्जा आहे. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीलाही तो १९८४ मध्ये संसदेच्या कायद्याने मिळाला. मुंबईच्या संस्थेकडे मात्र तो नाही आणि तिच्या आर्थिक ओढाताणीचे एक कारण यातच आहे.

पैसा आणि मालकी

केंद्राच्या अनुदानातून कर्मचाऱ्यांचे वेतन आणि संवर्धन भागवताना संस्थेची तारांबळ उडाल्याच्या बातम्या गेल्या दशकात वारंवार आल्या. अशा स्थितीत वास्तू भाड्याने देणे, चित्रीकरणाला परवानगी देणे, पुरस्कृत कार्यक्रम घेणे हे मार्ग कोणत्याही संस्थेला मोहात पाडणारे असतात. त्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो मिळालेला पैसा कोठे जातो हा. या बाबतीत शेजारच्याच परिसरातील अनुभव बोलका आहे. १९९९ पासून भरणाऱ्या काळा घोडा कला महोत्सवाने सुरुवातीपासून परिसरातील वारसा वास्तूंच्या जतनाचे उद्दिष्ट ठेवले. डेव्हिड ससून ग्रंथालयाची बाग हे या महोत्सवाचे साहित्यिक व्यासपीठ. १८७० मध्ये पूर्ण झालेल्या या ग्रंथालयाच्या वास्तूचे जतनकार्य देणगीदार आणि महोत्सवाशी संबंधित संस्था यांच्या साह्याने पार पडले आणि २०२३ मध्ये ते नव्या रूपात खुले झाले. बागेत बसून कविता ऐकणारा श्रोता आणि वरच्या मजल्यावरचे दुरुस्त झालेले छत यांत येथे थेट नाते दिसते.

दुसरा मुद्दा मालकीचा. २०२५ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या कार्यकारिणीची निवडणूक एरवी कधी नसेल इतकी गाजली. नव्या सदस्यांची मोठी भर, मतदारयादीवरील आक्षेप, गटबाजीचे आरोप-प्रत्यारोप आणि नोव्हेंबरमधील मतदान लांबणीवर पडणे, यांमुळे ही विद्वानांची संस्था बातम्यांचा विषय झाली. त्या वादात कोणाची बाजू खरी, हा या लेखाचा विषय नाही. परंतु एक गोष्ट त्यातून स्पष्ट झाली. संस्थेचे नियंत्रण कोणाकडे असावे याबद्दल जेवढी उत्कटता दिसली, तेवढी संस्थेतील पोथ्या कोणाला पाहायला मिळाव्यात याबद्दल दिसली नाही. सदस्य हे अशा संस्थेचे विश्वस्त असतात. मालक ती जनता, जिच्या करातून अनुदान येते. ज्या शहराने संस्थेचा ठेवा डोळ्यांनी पाहिला आहे, ते शहर तिच्या बऱ्यावाईटात लक्ष घालते. ज्याने पाहिलाच नाही, त्याच्या लेखी ती निवडणूक म्हणजे कोणाची तरी खासगी भांडणे.

महाराष्ट्राला याचा कटू अनुभव आहे. पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने हल्ला केला आणि पुस्तके, हस्तलिखिते व वस्तूंची नासधूस झाली. त्या दिवशी आत काय आहे याची कल्पना हल्लेखोरांना कितपत होती, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. लोकांना ग्रंथालयाची ओळख असली म्हणजे हल्ले टळतात, असा दावा करणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र अपरिचित संस्थेविषयी अफवा पसरविणे सोपे असते, हे नाकारता येणार नाही.

शांतता की गजबज?

ग्रंथालयातील कार्यक्रमांविरुद्धचा आक्षेपही गांभीर्याने घेतला पाहिजे. वाचकाला शांतता हवी असते. गजबजलेल्या शहरात विनामूल्य किंवा अल्प मोलात बसून वाचता येईल अशा जागा आधीच कमी आहेत. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या, घरात जागा नसलेल्या विद्यार्थ्यासाठी ग्रंथालयातील टेबल हीच मोठी सांस्कृतिक सेवा असते. एखाद्या महोत्सवासाठी ते टेबल चार दिवस उचलले गेले, तर त्याचे नुकसान कोणत्याही अहवालात नोंदले जात नाही. कर्मचारीवर्ग तोकडा असताना सूचीकार मंडप-व्यवस्थेत गुंतला, तर सूची मागे पडते. कार्यक्रमांची संख्या आणि उपस्थिती मोजता येते; सूचीत चुकलेली नोंद दुरुस्त झाल्याचे कौतुक कोणी करीत नाही. म्हणूनच निव्वळ संख्येवर समाधान मानणारे सांस्कृतिक धोरण ग्रंथालयांना घातक ठरते.

संगणकीकरण झाले की प्रदर्शनांची गरज उरत नाही, हा दुसऱ्या टोकाचा युक्तिवाद. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'ज्ञानभारतम्' मोहिमेची घोषणा झाली आणि एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण व जतन करण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. हे पाऊल निश्चितच स्वागतार्ह आहे. पण ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये झालेल्या सायबर हल्ल्याने एक धडा दिला. सूची आणि संगणकीय सेवा कोलमडल्या; सूचीचे मर्यादित रूप जानेवारी २०२४ मध्ये परत आले आणि पुढील दुरुस्ती दीर्घकाळ चालली. त्या काळात इमारत आणि प्रदर्शने मात्र लोकांसाठी खुली होती. पडद्यावरील प्रतिमा मूळ वस्तूची जागा घेत नाही. ती मूळ वस्तूपर्यंत जाण्याची वाट असते. दोन्ही हव्यात आणि दोन्हींसाठी आधी अचूक सूची हवी.

लहान पण नियमित

मुंबईत यासाठी फार भव्य काही करण्याची आवश्यकता नाही. एक नियंत्रित हवामानाची लहान खोली, त्यात एका वेळी आठ-दहा वस्तू, दर तीन महिन्यांनी बदल आणि मूळ वस्तू विश्रांतीला गेली की तिची उत्तम प्रतिकृती, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. प्रत्येक वस्तूसोबत मराठीत लिहिलेली, इंग्रजीचे भाषांतर न वाटणारी माहिती असावी. प्रत्येक मांडणीबरोबर त्या वस्तूवर काम केलेल्या अभ्यासकाचे एक व्याख्यान व्हावे आणि ते शनिवारी सायंकाळी, म्हणजे नोकरदारांना येता येईल अशा वेळी असावे. महापालिकेच्या शाळांसाठी दरमहा एक दिवस राखून ठेवता येईल. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारख्या शेजारच्या संस्थेकडे प्रदर्शन-मांडणी आणि संवर्धनाचा अनुभव आहे. त्याच्याशी सहकार्य केल्यास खर्चही विभागला जाईल. पायऱ्यांवरील प्रत्येक सशुल्क कार्यक्रमाच्या वा चित्रीकरणाच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा संवर्धनासाठी बाजूला काढून त्याचा हिशेब वार्षिक अहवालात जाहीर केला, तर देणगीदारांचा विश्वासही वाढेल.

राज्य सरकारचीही यात जबाबदारी आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात ग्रंथालयांचे मोठे जाळे उभे राहिले. गावोगावच्या जुन्या वाचनालयांत शतकापूर्वीची नियतकालिके, पहिल्या आवृत्त्या आणि स्थानिक कागदपत्रे पडून आहेत. त्यांच्या अनुदानात पुस्तक खरेदी आणि वेतन यांचा विचार होतो. जतन व मांडणी यांसाठी स्वतंत्र तरतूद झाल्यास एशियाटिकमध्ये जे घडू शकते, ते लहान प्रमाणात सांगली, नाशिक, नागपूर येथेही घडू शकेल. अभिजात दर्जा मिळालेल्या भाषेने आपले जुने ग्रंथ आपल्याच वाचकांना दाखविणे, हे त्या दर्जाचे सर्वांत साधे पालन म्हणावे लागेल.

नालासोपाऱ्याहून रोज सकाळी हजारो माणसे चर्चगेटकडे येणाऱ्या लोकलमध्ये स्वतःला कोंबून घेतात. त्यांच्यापैकी अनेकांची कचेरी फोर्टमध्ये, टाऊन हॉलपासून हाकेच्या अंतरावर असते. ज्या गावाची ओळख आज बहुतेकांना गर्दी आणि पाण्याची टंचाई यांपुरती उरली आहे, ते एकेकाळी पश्चिम किनाऱ्यावरचे समृद्ध बंदर होते, तेथे अशोकाचे शिलालेख कोरले गेले होते आणि तेथल्या स्तूपातील सोन्याची करंडी त्यांच्या रोजच्या वाटेवरील इमारतीत आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. जेवणाच्या सुट्टीत त्यांतील एखादा त्या तीस पायऱ्या चढून वर आला, तर त्याला ती पाहता यावी आणि तिच्याविषयीच्या चार ओळी मराठीत वाचता याव्यात. ग्रंथालयाच्या सार्वजनिक कार्यक्रमांचे यशापयश मोजायचेच असेल, तर तेथून मोजायला सुरुवात करावी.